ब्रह्मदेश आघाडीवरचं स्पिटफायर मार्क ८: १/४८ मापात अचूक कसं उतरवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एडुआर्ड कंपनीचं, स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मार्क ९ आवृत्तीचं १/४८ मापाचं मॉडेल-किट हाताशी आहे. त्यातून १९४४-४५च्या ब्रह्मदेश आघाडीवरचं, भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे होतं तसं मार्क ८ करता येईल का? रंग आणि खुणा कोणत्या? आणि पावसाळी हवेत रंगकाम बिघडतं, त्याचं काय?

करता येईल, पण करू नका. मार्क ८चं किट वेगळं मिळतं, १/४८मध्येही आणि १/७२मध्येही. हातातलं मार्क ९ युरोपातल्या एखाद्या विमानासाठी राखून ठेवा. दोन्ही विमानं लांबून जुळी दिसतात, कारण मर्लिनचं ६० मालिकेतलं इंजिन, चार पात्यांचा प्रोपेलर आणि दोन्ही पंखांखालचे सारख्या आकाराचे रेडिएटर दोघांनाही आहेत. पण १९४२ साली फॉके-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाला उत्तर तातडीने हवं होतं, म्हणून मार्क ५च्या सांगाड्यात नवं इंजिन बसवून मार्क ९ उभं केलं गेलं. मार्क ८चा सांगाडा मात्र त्या इंजिनाचा विचार करून नव्याने आखलेला होता. त्यामुळे फरक सुट्या भागांपुरता राहत नाही, तो पंखात आणि धडात शिरतो.

मार्क ८चं शेपटीचं चाक आत ओढलं जातं आणि त्याला दोन छोटी दारं असतात. मार्क ९चं चाक कायम बाहेर. मार्क ८चे एलेरॉन (पंखाच्या मागच्या धारेवरचे हलते भाग) पंखाच्या टोकाकडून आखूड आहेत, म्हणजे मार्क ९च्या पंखावर जुनी रेघ भरून नवी कोरावी लागते. मार्क ८च्या पंखांच्या पुढच्या धारेत इंधनाच्या जादा टाक्या आहेत आणि त्यांची गोल झाकणं पंखाच्या वरच्या बाजूला दिसतात. इंजिनाखालचा धूळगाळणीचा लांबट हवामार्ग मार्क ८ला सुरुवातीपासून होता. बहुतेक मार्क ८ विमानांना रुंद, टोकदार रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग) आहे, आरंभीच्या काहींना जुनं गोलसर. हे सगळं हाताने करायला लागणारा वेळ आणि बिघडण्याची शक्यता पाहिली, तर नवं किट स्वस्त पडतं.

आता मुख्य गोष्ट. अचूक मॉडेल ‘स्पिटफायर मार्क ८’ या प्रकाराचं होत नाही. ते एका विशिष्ट विमानाचं, एका विशिष्ट महिन्यातलं असतं. सुपरमरीनने मार्क ८ची १,६५८ विमानं बांधली. त्यांतली ब्रह्मदेशात लढलेली विमानंसुद्धा आपसात सारखी नव्हती. काहींच्या पंखांची टोकं लांब व निमुळती, बहुतेकांची नेहमीची लंबगोल. रडर दोन तऱ्हेचं. पंखावरचे तोफांचे फुगवटे कमी-जास्त रुंद. म्हणून गोंदाची बाटली उघडण्याआधी अनुक्रमांक वाचता येईल असा एक फोटो निवडा, आणि तो कधीचा आहे ते ठरवा. त्या फोटोत जे दिसतं ते करायचं. जे दिसत नाही, ते त्याच स्क्वाड्रनच्या त्याच काळातल्या दुसऱ्या विमानावरून घ्यायचं. किटच्या खोक्यावरचं चित्र पुरावा म्हणून धरायचं नाही.

संग्रहालयातल्या विमानाबद्दलही सावध राहा. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एनएच६३१ हे खरंखुरं मार्क ८ आहे. दारांची जाडी, चाकाच्या खोबणीतल्या नळ्या, पत्र्यांचे जोड यांसाठी अशा विमानाचा अभ्यास जरूर करावा. रंगासाठी करू नये. युद्धानंतर अशी विमानं पुन्हा पुन्हा रंगवली गेली आहेत, आणि प्रदर्शनाचा चकाकता रंग आघाडीवरच्या रंगाशी जुळत नाही. संग्रहालयांत आणि हवाई प्रदर्शनांत कॉकपिटच्या दारावरची छोटी पहार भडक लाल रंगवलेली दिसते, तीही युद्धानंतरची रीत. १९४४च्या मॉडेलवर ती आतल्या रंगाची किंवा नुसत्या धातूची ठेवा.

मापं आधी तपासा. मार्क ८चा नेहमीच्या टोकांसह पंखविस्तार ३६ फूट १० इंच, म्हणजे १/४८मध्ये २३४ मिलिमीटर आणि १/७२मध्ये १५६. टोकदार रडरसह लांबी साधारण ३१ फूट ४ इंच, म्हणजे १/४८मध्ये १९९ मिलिमीटरच्या आसपास. धडाचे दोन भाग कोरडेच टेपने जोडून पट्टी लावून बघा. एखादा मिलिमीटर कमी-जास्त निघाला तर सोडून द्या. तीन-चार मिलिमीटरचा फरक मात्र नाक किंवा शेपूट चुकल्याचं सांगतो, आणि तो पुढे कशानेच झाकत नाही.

जोडणीत दोन जागा सर्वांत जास्त दगा देतात. पहिली इंजिनावरची वरची झाकणपट्टी. एडुआर्डच्या १/४८ किटमध्ये ती डाव्या-उजव्या दोन तुकड्यांत येते, आणि नाकाच्या माथ्यावर मधोमध जोड दिसतो. खऱ्या विमानात तिथे रेघच नाही, पत्रा अखंड आहे. हे तुकडे आधी एकमेकांना चिकटवा, आतून प्लास्टिकच्या पट्टीचा आधार द्या, पूर्ण दिवस सुकू द्या आणि मगच धडावर बसवा. जोडात सायनोअॅक्रिलेट (सुपर ग्लू) भरून तासाभराच्या आत ४००, मग ६००, मग १०००च्या पॉलिश पेपरने घासा. रात्रभर ठेवलंत तर तो गोंद प्लास्टिकपेक्षा कठीण होतो, आणि घासताना आजूबाजूचं प्लास्टिक झिजून जोड उंचवट्यासारखा वर राहतो. पेपर बोटावर नको, चपट्या ठोकळ्यावर लावा. बोटाने घासलं तर नाकाच्या गोलाईत सपाट पट्टा पडतो.

दुसरी जागा पंख आणि धडाचा सांधा. स्पिटफायरच्या पंखांना ६ अंशांचा वरचा कल आहे. जाड कार्डाचा त्रिकोण कापा: पाया १०० मिलिमीटर, टोकाशी उंची साडेदहा मिलिमीटर. असे दोन त्रिकोण पंखांखाली ठेवून गोंद सुकेपर्यंत मॉडेल हलवू नका. कल कमी पडला तर सांध्यात वरच्या बाजूने फट राहते, आणि ती पुट्टीने भरण्याच्या नादात पंख-धडामधली सुंदर वळणदार पट्टी नाहीशी होते. फट दिसली तर पुट्टीआधी कल तपासायचा. कल बरोबर असेल तर धडाच्या आत आडवी प्लास्टिकची काडी घालून धड किंचित रुंद केलं की फट मिटते.

कॉकपिटचा आतला रंग करडट हिरवा. पण तो सगळीकडे नाही. वैमानिकाच्या आसनामागच्या आडभिंतीपलीकडे धडाचा आतला भाग अॅल्युमिनियमचा रुपेरी ठेवा. कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उघडी दाखवली तर मागच्या काचेतून तो नक्की दिसतो. आसन धातूचं नाही, दाबून केलेल्या तांबूस तपकिरी पदार्थाचं आहे, आणि पाठीला काळी चामडी गादी. त्यामुळे आसनाच्या कडांवर रुपेरी ओरखडे काढणं चूक. खांद्यावरचे पट्टे आसनाच्या पाठीवरच संपवू नका. ते मागे जातात आणि तिथल्या तारेला जोडलेले असतात.

पृष्ठभागाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मॉडेल खरं वाटतं की खेळण्यासारखं, हे इथेच ठरतं. स्पिटफायरच्या पंखाचा पुढचा भाग कारखान्यात भरून, घासून गुळगुळीत केलेला असे, कारण वेग तिथेच मिळतो. म्हणून त्या भागातल्या कोरीव रेघांत काळा वॉश (खाचांत सोडायचा अगदी पातळ रंग) भरू नये. त्या रेघा पातळ प्रायमरने अर्धवट बुजवलेल्या बऱ्या. मागच्या धडावर मात्र पत्रे एकमेकांवर चढवलेले आहेत आणि रिव्हेट दिसतात, तिथे थोडी छटा शोभते. रडर आणि एलिव्हेटर (आडव्या शेपटीचे हलते भाग) कापडाने मढवलेले. मार्क ८चे एलेरॉन धातूचे. तेव्हा एलेरॉनवर कापडाच्या फासळ्या दिसत असतील तर घासून काढा. आणि रडरवर रंग उडून चकाकता धातू कधीच दिसणार नाही, कारण तिथे धातू नाहीच. प्रोपेलरचंही तेच. या विमानांवरच्या रोटोल प्रोपेलरची पाती दाबलेल्या लाकडाची होती. पात्यांच्या कडांवर रुपेरी ओरखडे ही स्पिटफायरच्या मॉडेलांवर हमखास सापडणारी चूक आहे. पाती काळी, टोकाला ४ इंच पिवळी, म्हणजे १/४८मध्ये २.१ मिलिमीटर.

आता रंग. आग्नेय आशिया कमांडमधल्या लढाऊ विमानांची जमिनीवरची ठरलेली योजना म्हणजे वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली मध्यम सागरी करडा. पण मार्क ८ विमानं इंग्लंडमधून येताना अनेकदा दिवसाच्या लढाऊ विमानांच्या रंगात यायची: वर गडद हिरवा आणि ओशन ग्रे, खाली तोच मध्यम करडा. तशीच ती आघाडीवरही उडाली. त्यामुळे ‘ब्रह्मदेश म्हटलं की तपकिरी’ असा नियम करता येत नाही. कृष्णधवल फोटोत तपकिरी आणि ओशन ग्रे जवळजवळ सारख्याच उजळपणाचे दिसतात. फोटोकडे कितीही टक लावली तरी त्यातून निवाडा होत नाही. इथे कागदोपत्री नोंद, किंवा त्याच तुकडीतला रंगीत फोटो लागतो. दोन्ही नसतील तर ज्या विमानाची नोंद आहे ते निवडा, अंदाजावर मॉडेल उभारू नका.

टामियाच्या बाटल्या वापरणार असाल तर गडद हिरव्यासाठी एक्सएफ-८१, ओशन ग्रेसाठी एक्सएफ-८२, मध्यम करड्यासाठी एक्सएफ-८३. तपकिरीसाठी गुन्झेचा एच-७२ जवळचा आहे. लहान मापात रंग उजळ दिसावा म्हणून पांढरा मिसळण्याची पद्धत आहे. ती वापरायची तर ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका, आणि हिरव्यात पांढऱ्याऐवजी फिकट करडा किंवा पिवळसर रंग मिसळा. पांढऱ्याने हिरवा रंग दुधाळ होतो. दोन रंगांमधली कड कारखान्यातून आलेल्या विमानावर बरीच रेखीव असते. १/४८मध्ये ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त धूसर असेल तर खऱ्या मापात एका इंचाचा धूसर पट्टा झाला. टॅकच्या (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट मातीच्या) बारीक वळ्या करून कडेवर ठेवा आणि एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरा. तिरपा धरलात तर रंग वळीखाली शिरतो.

खुणांमध्ये या आघाडीचं वेगळेपण आहे. जपानी विमानांवर लाल गोल असे, म्हणून ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या ओळखीच्या गोलांमधून लाल रंग काढून टाकला गेला. आधी निळ्यात पांढरा, आणि मग निळ्यात फिकट निळा, कारण शुद्ध पांढरा दुरून फार चमकायचा. या फिकट निळ्याला ‘इंडिया व्हाइट’ म्हणत. तो ४ भाग पांढरा आणि १ भाग गोलातलाच मंद निळा, असा मिसळला जाई. मॉडेलसाठीही हेच प्रमाण घ्या. तयार डिकलवर (पाण्यात भिजवून लावायच्या छापील खुणांवर) हा रंग बऱ्याचदा आकाशी छापलेला असतो. मिश्रण केल्यावर तो किती करडा आणि मंद आहे ते कळतं. गोल लहान होते, बहुधा १६ इंच व्यासाचे, म्हणजे १/४८मध्ये ८.५ मिलिमीटर. कंपास कटरने मास्किंग टेप कापून हे गोल रंगवणं डिकलपेक्षा सोपं आहे. आधी फिकट निळा मारा, मधली टिकली झाका, मग गडद निळा. उभ्या शेपटीवरच्या पट्टीत फिकट निळा पुढे, गडद निळा मागे.

युरोपातल्या विमानांवरचा शेपटीजवळचा आकाशी पट्टा, पंखांच्या धारेवरची पिवळी पट्टी आणि गोलाभोवतीचं पिवळं कडं इथे सहसा नसतं. अशोकचक्राचा किंवा तिरंगी गोल स्वातंत्र्यानंतरचा. १९४५च्या भारतीय हवाई दलाच्या विमानावर तो लावला तर बाकीची सगळी मेहनत वाया गेली.

एक खूण जवळपास कोणी दाखवत नाही, आणि ती दाखवली तर मॉडेल बोलू लागतं. मोठे, लाल मध्याचे जुने गोल झाकून लहान नवे गोल काढले, तेव्हा झाकलेल्या जागी ताजा रंग बसला. उन्हाने फिकटलेल्या पंखावर तो गडद डाग स्पष्ट दिसे. निवडलेल्या विमानाच्या फोटोत असा डाग असेल तर तोच हिरवा किंवा तपकिरी, पांढरा न मिसळता, जुन्या गोलाच्या आकारात हलका फवारा आणि त्यावर नवा गोल काढा.

पांढरे ओळखपट्टे पंखांवर, आडव्या शेपटीवर आणि उभ्या शेपटीवर आले ते १९४५च्या सुरुवातीला. तुमचा फोटो १९४४चा असेल तर पट्टे नकोत. असतील तर त्यांची रुंदी फोटोत गोलाच्या व्यासाशी ताडून ठरवा. पट्टा एलेरॉन आणि रडरवरून सलग जातो की तिथे थांबतो, हे विमानागणिक बघावं लागतं. पांढऱ्याखाली आधी फिकट करडा थर द्या. नाहीतर हिरव्यावर पांढरा बसवायला पाच-सहा हात लागतात आणि पट्ट्याची कड जाड होते. अनुक्रमांकाची अक्षरं ८ इंच उंच, काळी, १/४८मध्ये ४.२ मिलिमीटर.

हवेबद्दल. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर रंग आणि वार्निश पांढुरके पडतात. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि ओल्या थरात अडकते. उपाय तीन: सावकाश सुकणारं, लेव्हलिंग म्हणून विकलं जाणारं थिनर, पातळ थर, आणि आर्द्रता ७० टक्क्यांवर असेल तर त्या दिवशी वार्निश नाही. पांढुरकेपणा आलाच तर सुकल्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारा. बहुतेक वेळा तो विरघळून जातो. कंप्रेसरच्या नळीत पाण्याचा सापळा नसेल तर या दिवसांत रंगाबरोबर पाण्याचे थेंब येतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा: अॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावर सुकतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. तिथे दर दहा थेंबांना एक थेंब रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला. ०.३ मिलिमीटरचं नोझल, १५ पीएसआयच्या आसपास दाब आणि रंगाइतकंच किंवा थोडं जास्त थिनर, हे सुरुवातीचं माप धरा.

डिकलखाली रुपेरी झाक येते ती खरबरीत पृष्ठभागात हवा अडकल्यामुळे. चकचकीत वार्निशचे दोन थर, एक दिवस विश्रांती, मग डिकल. झाक आलीच तर सुईने बारीक भोकं पाडून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रावण) सोडा.

जीर्णपणा दाखवताना कारण शोधा, मग ब्रश उचला. वैमानिक आणि मेकॅनिक डाव्या पंखावरून चढतात, कारण दार डावीकडे आहे. म्हणून झीज डाव्या पंखाच्या मुळाशी जास्त, उजवीकडे कमी. धुराच्या नळ्यांमागचा डाग काजळीसारखा काळा नको. शिसं असलेल्या पेट्रोलमुळे लांब उड्डाणानंतर तिथे फिकट करडा-तपकिरी थर बसतो, काळा फक्त नळ्यांना लागून थोडा. तोफांच्या रिकाम्या काडतुसांच्या खिडक्यांमागे पंखाखाली काळपट पट्टा, इंजिनाखालून पोटावर मागे वाहिलेलं तेल. धूळ कोरड्या मोसमातल्या मध्य ब्रह्मदेशच्या कच्च्या धावपट्टीची असेल तर फिकट पिवळसर, आणि ती चाकं, चाकांची दारं, रेडिएटरची तोंडं आणि आडव्या शेपटीच्या खालच्या धारेवर. प्रोपेलर ती तिथवर फेकतो.

उरलेल्या गोष्टी भराभर. फ्लॅप (पंखाच्या मागच्या धारेशी खाली उघडणारे भाग) बंद ठेवा. स्पिटफायरचे फ्लॅप हवेच्या दाबाने चालतात, त्यांना पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा दोनच अवस्था आहेत. जमिनीवर उतरल्यावर ते लगेच वर घेत, कारण खाली असले की रेडिएटरची हवा अडते आणि इंजिन तापतं. धातूचे नक्षीदार फ्लॅप वेगळे विकत मिळतात, पण उभ्या विमानावर ते उघडे दाखवायला फोटोचा आधार हवा. एलिव्हेटर किंचित खाली झुकलेले चालतात. रेडिओ व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) असल्याने अँटेनाच्या खांबापासून रडरपर्यंत तार नाही. १९४४च्या विमानावर धडापासून आडव्या शेपटीकडे जाणाऱ्या तारांचीही गरज नाही, उजव्या पंखाखाली एक छोटी उभी काडी पुरते. ती ०.३ मिलिमीटरच्या पितळी तारेची करा, प्लास्टिकची पहिल्याच स्पर्शाला तुटते. कॅनोपी सायनोअॅक्रिलेटने कधीच चिकटवू नका, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते. पांढरा पीव्हीए गोंद लावा. आणि प्रोपेलर सर्वांत शेवटी बसवा. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर मर्लिन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. पात्यांचा पीळ त्या दिशेशी जुळतो की नाही, हे गोंद लावण्याआधी एकदा बघून घ्या.